गार खोलीतल्या दोन खुर्च्या

"तुझ्या त्या गार खोलीपर्यंत मला खाली उतरवणार कोण, ते पण लिहिलंयस का त्यात?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा त्या कलिंगड कापत होत्या आणि मी माझ्या लेकीच्या फोडीतल्या बिया काढत होते.

मी म्हटलं, "लिफ्ट आहे की, आई."

"लिफ्ट आहे. तिची मर्जीही आहे."

नवरा हसला. मीही हसले. सासूबाईंच्या बोलण्यात तिखट किती आणि मीठ किती हे निवडत बसलं तर ताटातलं जेवण गार व्हायचं. म्हणून लग्नानंतर लवकरच मी ठरवून टाकलं होतं, की त्यांचं बरंचसं बोलणं टोमणा समजायचं आणि उरलेलं ऐकलंच नाही असं करायचं. हे वाक्य मी टोमण्यांत टाकलं. त्यांनी साल कचऱ्यात टाकली.

सासूबाई सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी आत उतरायचा. मुलगी झाल्यापासून मला कपाळाला हात लावून बघायची सवय लागली आहे. माणसांच्या, आणि आता भिंतींच्याही. त्यांच्या बेडरूमची भिंत दिवेलागणीला ताप आलेल्या मुलासारखी लागायची. मी त्यांना म्हटलंही, "उन्हाळाभर आमच्याकडे या."

"तुमच्या दोन खोल्यांत काय बर्फ पडतो? आणि समोरच्यांना कोण बघेल? मी नसले की ते जेवणाला बिस्किटं खातात."

समोरचे म्हणजे घड्याळवाले काका. दुकान कधीच बंद झालेलं, बायको गेलेली, मुलगा परदेशात. त्यांच्या घरी भिंतभर घड्याळं होती आणि सगळी बरोबर चालायची. सासूबाई रोज त्यांना वाटीभर भाजी नेऊन द्यायच्या आणि वाटी परत घेताना ती नीट घासली नाही म्हणून बोलायच्या. दोघांचा दिवस असा जायचा.

मी राज्य सरकारच्या हवामान आराखडा कक्षात काम करते. नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "म्हणजे दिवसभर करता काय गं तुम्ही?"

"पुढच्या वीस वर्षांत काय काय बिघडेल ते लिहितो. आणि बिघडलं तर काय करायचं, ते."

"पहिला भाग मी फुकट सांगितला असता."

आराखड्याची प्रकरणं होती. पूर एकाचं, रस्ते आणि पूल दुसऱ्याचं, पाणी तिसऱ्याचं, वीज एका इंजिनियरचं, आणि उष्मा माझं. माझ्या प्रकरणाचा कणा म्हणजे शीतकक्ष. प्रत्येक वस्तीत एक सार्वजनिक जागा अशी, की बाहेर कितीही तापलं तरी आत माणूस तग धरेल. जाड भिंतींची जुनी वाचनालयं, शाळांची सभागृहं. खिडक्यांवर सज्जे, छताला पांढरा रंग, वर सौर पॅनेल, म्हणजे शहराची वीज गेली तरी पंखे आणि पाण्याचा कूलर थांबणार नाहीत. एकेक इमारत मी स्वतः फिरून पाहिली होती, भिंतींना हात लावून. सासूबाईंच्या वस्तीतलं वाचनालय माझं सर्वांत आवडतं. भर दुपारी दार ढकलून आत गेलं की मानेवरचा घाम आपोआप वाळायचा. सासूबाई त्याला शीतकक्ष कधी म्हणाल्या नाहीत. त्यांच्या लेखी ती गार खोली, नाहीतर 'तुझी ती खोली'.

आमच्या कक्षात एक रीत होती. कुठल्या नियमात नव्हती, पण पहिल्या महिन्यात कळायची. ज्याचं प्रकरण त्याचं. दुसऱ्याच्या प्रकरणावर बोलायचं नाही. तुम्ही पूलवाल्यांना विचारलंत की पूल इतकाच उंच का, की तेही विचारणार, सभागृहाला एवढे सज्जे कशाला. मग दोन्ही फायली वरखाली फिरायला लागतात आणि तेवढ्यात पावसाळा येऊन जातो. मला ही रीत घरातून ओळखीची होती. सासूबाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या की हात मागे बांधून उभ्या राहायच्या. बोलायच्या पुष्कळ, पण डाव हातात घ्यायच्या नाहीत. त्यांच्या घरी मीही तेच करायची. ज्याचा ओटा त्याचा. घरात भांडण होत नाही.

शेवटच्या बैठकीत प्रकरणं मोठ्याने वाचली गेली. आमच्या कक्षाच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो; त्या टेबलाच्या टोकाशी होत्या. विजेचं प्रकरण लिहिणारा इंजिनियर माझ्या शेजारी. त्याला सगळे वीजवाला म्हणतात. शांत माणूस, सारखा चष्मा पुसत असतो. त्याने वाचलं: सर्वांत कडक उन्हाच्या दिवशी, म्हणजे लाल इशाऱ्याच्या दिवशी, दुपारी विजेची मागणी इतकी चढेल की सगळं जाळं बसेल. रुग्णालयं आणि पाण्याचे पंप वाचवायचे तर बाकी कुठेतरी कपात हवी. म्हणून त्या दिवशी दुपारी एक ते पाच निवासी इमारतींच्या लिफ्ट, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे बंद.

लिफ्ट म्हटल्यावर मी मान वर केली. सातवा मजला डोळ्यांसमोर आला. सासूबाईंचे गुडघे आले, उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून आडवं उतरायची त्यांची पद्धत आली.

"कुणाला काही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

वीजवाल्याने त्याच सकाळी माझ्या वाचनालयांची सौर पॅनेलं एक अक्षर न काढता मान्य केली होती. पूलवाले काहीच म्हणाले नाहीत. पाळणाघर बंद व्हायची वेळ होत आली होती. माझी मान खाली गेली.

"मग झालं," मोठ्या बाई म्हणाल्या. चहा आला.

आराखडा छापून आला. मुखपृष्ठावर एक हिरवंगार झाड होतं.

*

तो उन्हाळा सगळ्यांना आठवत असेल, म्हणून फार सांगत नाही. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. सकाळी नऊलाच बसथांब्याची बाकं रिकामी असायची, कारण बसवत नसे. माझी सगळी काळजी एका जागी गोळा झाली होती. लेक तीन वर्षांची. तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होते. पाण्याच्या दोन बाटल्या, ओला रुमाल, टोपी. दुपारी पाळणाघरात फोन.

"ताई, पंखा चालू आहे," तिथल्या ताई सांगायच्या. "मघाशीही चालूच होता. तुम्ही फोन ठेवला की आम्ही बंद करत नाही."

त्या रागावत नव्हत्या. माझ्यासारख्या बऱ्याच होत्या त्यांच्याकडे.

शीतकक्ष उघडले होते आणि रिकामे होते. पंखे फिरत होते, पाणी गार होतं, खुर्च्या ओळीत होत्या. लोक घरात पडदे ओढून बसले होते. अर्थ खात्यातून विचारणा झाली, की रिकाम्या खुर्च्यांना गारवा कशासाठी. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "तुझं प्रकरण चांगलं आहे गं," त्या म्हणाल्या, "पण माणसं दिसली पाहिजेत. पुढच्या वर्षी हे चालू ठेवायचं तर दिसली पाहिजेत."

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. रोज यायचा.

"आवाज असा का? चिमणी जेवली नाही?" लेकीला त्या चिमणी म्हणतात.

"जेवली."

"मग माझा मुलगा जेवला नाही?"

"तो गावाला गेलाय, आई. कामाला. परवा येईल." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "शीतकक्षात कुणी येत नाहीये. असंच राहिलं तर पुढच्या वर्षी बंद करतील."

"कुणी नाही म्हणजे?"

"तुमच्याच वाचनालयात आज दोन माणसं. त्यातले एक तर पेपर वाचायला रोजच येतात."

"ते टकले ना? ते पेपर वाचत नाहीत, झोपतात." मागे त्यांच्या पंख्याचा कुरकुर आवाज येत होता. "म्हणजे तिथे बसायला माणसं हवीत."

"हवीत."

"तुझी ती खोली फार गार असते का गं? माझ्या कानांना सोसत नाही."

"गारच असायला हवी ना, आई."

"हो, नाहीतर पगार कशाचा." आणि नेहमीसारखं, निरोप न घेता फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी लाल इशारा लागला. त्या उन्हाळ्यातला पहिला.

आमच्या नियंत्रण कक्षात भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर शहराचा नकाशा. वस्त्या, रुग्णालयं, शीतकक्ष. सगळे शीतकक्ष हिरवे दिसत होते, म्हणजे आतलं तापमान ठीक होतं. विजेची रेघ वर चढत होती आणि एका ठिकाणी येऊन सपाट झाली होती. वीजवाला तिच्याकडे बघत उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच चष्मा न पुसता उभं राहिलेलं बघितलं.

"धरलंय," तो म्हणाला. "बसलं नाही जाळं."

"छान."

मी पाळणाघरात फोन केला. पंखा चालू होता. मग सासूबाईंना केला, घरच्या फोनवर; मोबाइल त्या वापरायच्या नाहीत. घंटी वाजत राहिली. जेवून आडव्या झाल्या असतील असं वाटलं. तासाभराने पुन्हा पाळणाघरात केला. सासूबाईंना पुन्हा केला नाही. दुपारची झोप मोडली की त्या दोन दिवस ऐकवतात.

तीन वाजून गेले होते, तेव्हा वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या सासूबाईंच्या खुर्च्या अजून धरून ठेवू का? आज थोडी माणसं आलीत. तिथे बसायला मागतायत."

"कसल्या खुर्च्या?"

"सकाळी फोन आला होता त्यांचा. दोन खुर्च्या धरा म्हणाल्या. पंख्याच्या थेट खाली नकोत, म्हणाल्या. सुनेचं काम आहे, गर्दी दिसली पाहिजे. समोरच्यांना पण घेऊन येते म्हणाल्या. जेवण उरकून दीडपर्यंत पोचतो, असं म्हणाल्या होत्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"ठेवा अजून," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

मी वीजवाल्याकडे वळले. "लिफ्ट पाचपर्यंत बंद ना?"

"पाच. का?"

"काही नाही."

लिफ्ट बंद राहणार असल्याची सूचना नियमाप्रमाणे प्रत्येक इमारतीत लावली होती. तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारी. सातव्या मजल्यावरच्या माणसाला ती खाली आल्यावर वाचायला मिळाली असती.

*

टॅक्सीत मी पुन्हा पुन्हा फोन करत होते. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्याने न विचारता गाडी दारापर्यंत नेली.

तळमजल्यावर अंधार होता. लिफ्टसमोर घड्याळवाले काका उभे होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, ओठ पांढरे. ते लिफ्टचं बटण दाबत होते. दाबायचे, वरच्या विझलेल्या आकड्यांकडे बघायचे, थोडं थांबायचे, पुन्हा दाबायचे.

"काका."

"येईल आता," ते म्हणाले. त्यांनी मला ओळखलं होतं. "तुझ्या सासूबाई वर बसल्यात. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी खालून लिफ्ट पाठवतो."

"लिफ्ट बंद आहे, काका."

"हो ना. म्हणूनच बोलावतोय." आणि पुन्हा बटण दाबलं.

मी त्यांना धरून पायरीवर बसवलं. टॅक्सीवाला मागोमाग आला होता. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, ती त्याने काकांच्या तोंडाला लावली. त्यांच्याजवळ थांबा, एवढंच मी त्याला म्हटलं, रुग्णवाहिकेला फोन लावला आणि जिना चढायला लागले.

त्या जिन्याला एका बाजूने वरपासून खालपर्यंत काच आहे. दिसायला चांगली दिसते. उघडत नाही. दुपारचं ऊन थेट आत येतं आणि आतच राहतं. प्रत्येक मजल्यागणिक हवा जड होत गेली. कठड्याला हात लावला आणि काढून घेतला. माझ्या प्रकरणात छपरांचं तापमान होतं, रस्त्यांचं होतं, बसथांब्यांचं होतं, शाळेच्या पटांगणांचंही होतं. जिना कुणाच्याच प्रकरणात नव्हता.

सासूबाई चौथ्या मजल्याच्या खालच्या वळणावर बसल्या होत्या. भिंतीला पाठ, दोन्ही पाय समोर सरळ, लहान मुलं बसतात तशा. मांडीवर पिशवी, पिशवीचे बंद मुठीत. डोळे उघडे होते.

"आई."

त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, तू इथे तर चिमणीला कोण बघतंय. त्या म्हणाल्या, "धरल्यात ना?"

"काय?"

त्यापुढे काही आलं नाही. ओठ हलले, तेवढंच.

मी कपाळाला हात लावला. मला कपाळं कळतात. हे कोरडं होतं. घाम नव्हता. हात आपोआप मागे आला, जिन्याच्या कठड्यावरून आला होता तसा.

चौथ्या मजल्यावरचं दार वाजवलं. माझ्याच वयाच्या बाईने उघडलं, कडेवर तान्हं मूल. मी पाणी मागितलं. ती बघतच राहिली, मग धावत जाऊन बादली घेऊन आली.

"मी मघाशी पाहिलं होतं त्यांना," ती माझ्यामागे उतरत म्हणाली. "कचरा ठेवायला दार उघडलं तेव्हा. मला वाटलं, दम खात असतील. विचारलं मी, बऱ्या आहात ना. बरी आहे म्हणाल्या. हसल्या पण."

"हो," मी म्हटलं.

पिशवीत कलिंगडाच्या फोडींचा डबा होता. बिया काढलेल्या. पाण्याची बाटली, रिकामी. आणि घडी घातलेला लोकरीचा स्वेटर. त्या उन्हात त्यांनी स्वेटर बरोबर घेतला होता, कारण माझी खोली गार असते आणि त्यांच्या कानांना सोसत नाही.

मी स्वेटर बादलीत बुडवून त्यांच्या मानेवर ठेवला. पिळला, बुडवला, पुन्हा ठेवला. ती बाई वर्तमानपत्राने वारा घालत होती. तिच्या कडेवरचं मूल माझ्याकडे बघत होतं. मला तेव्हा काय वाटलं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. लोकर पाणी फार धरते, असं वाटलं.

रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन आली. वळणांवर ते तिरकं करावं लागत होतं. "डोकं वर, डोकं वर," पुढचा सांगत होता. आम्ही तळमजल्याला पोचलो, तेवढ्यात पाच वाजले असावेत, कारण दिवे लागले, वरचे आकडे उजळले, आणि लिफ्ट सातव्या मजल्यावरून एकेक मजला खाली आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

पायरीवर बसलेले काका म्हणाले, "बघ, आली."

*

रुग्णालयात गार होतं. सगळी यंत्रं चालू होती. दिवसभरात वीज एकदाही गेली नाही. वीजवाल्याचं प्रकरण बरोबर होतं.

नवरा रात्रीच्या गाडीने परतला. तोवर चिमणी शेजारणीकडे झोपली होती. तो खुर्चीवर बसला, आईच्या पायाला हात लावला, मग विचारलं, "पण ती खाली उतरलीच का?"

मी खुर्च्यांचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"खिडकीजवळच्या?" त्याने विचारलं.

"ते नाही माहीत. पंख्याखाली नकोत, म्हणाल्या होत्या."

त्याने मान हलवली. पुन्हा आम्ही त्यावर बोललो नाही. तो मला काही बोलला नाही, हे मी लोकांना सांगते तेव्हा लोक त्याचं कौतुक करतात.

काका दोन दिवसांत घरी गेले. सासूबाईंना बरेच दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण मेंदू तापला होता; काय परत येईल आणि काय नाही, ते हळूहळू कळेल. चालता येतं. हाताने जेवतात. आम्हाला ओळखतात. आता आमच्याकडेच असतात, दुसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत.

कार्यालयात आढावा बैठक झाली. पडद्यावर दोन आलेख होते. एकात विजेची रेघ, सपाट. दुसऱ्यात शीतकक्षांतलं तापमान, तेही सपाट. दोन्ही प्रकरणं यशस्वी ठरली होती. मोठ्या बाईंनी विचारलं, "कुणाला काही?"

मी विजेच्या प्रकरणावर बोलले. लिफ्टबद्दल, आणि जिन्याबद्दल. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळ्यांनी समोरच्या कागदांकडे बघितलं. वीजवाल्याने चष्मा काढला आणि पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "एक लिफ्ट चालू ठेवता येईल. उंच इमारतींत. मी हिशोब करून बघतो." त्याने खरंच केला. पुढच्या आवृत्तीत ते आलं आहे. जिन्याच्या काचेला झडपा बसवायच्या, हेही आलं आहे, पण कोणत्या प्रकरणात घालायचं, ते अजून ठरायचं आहे. वरातीमागून का होईना, घोडं निघालं. मला आनंद व्हायला हवा. मी त्याची वाट बघते आहे.

घरी सासूबाई आता काही बोलत नाहीत, असं नाही. बोलतात. चहा हवा का? चालेल. पंखा वाढवू? चालेल. चिमणी त्यांच्यासमोर मुद्दाम पाणी सांडते, कारण आधी त्या म्हणायच्या, "बापावर गेलीय, त्यालाही ग्लास आणि जमीन यातला फरक कळत नसे." आता त्या सांडलेल्या पाण्याकडे बघतात आणि पाय उचलून घेतात.

एकदा मी भाजीत मीठ घातलंच नाही. ठरवून. वाढलं आणि समोर बसले. नवऱ्याने पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. तोही त्यांच्याकडे बघायला लागला. सासूबाईंनी शांतपणे सगळी भाजी संपवली. मी विचारलं, "कशी झालीय, आई?"

"चांगली आहे," त्या म्हणाल्या.

मी उठून ताटं घासली. त्यांची वाटी दोनदा घासली.

घड्याळवाले काका सातव्या मजल्यावरच आहेत. मुलाने बोलावलं, पण गेले नाहीत. समोरचं दार आता बंद असतं. सुट्टीच्या दिवशी मी भाजी घेऊन जाते. गेल्या खेपेला त्यांची दोन घड्याळं बंद पडलेली दिसली. मी विचारलं, तर म्हणाले, "राहू दे." बाकी दिवशी फोन करते. फोनवर ते बरे असतात. फोनवर सगळेच बरे असतात.

दुपारी मी कार्यालयात असते. नकाशासमोर. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तुमच्या इमारतीत, किंवा समोरच्या, सर्वांत वरच्या मजल्यावर कुणीतरी एकटं राहत असेल. तुम्हाला ते माहीत आहे. वाळत घातलेले कपडे दिसत असतील, किंवा संध्याकाळचा एकच दिवा. फोन करू नका. एखाद्या दुपारी जिन्याने वर जा, म्हणजे जिनाही बघून होईल. दार वाजवा. बरे आहात का, असं विचारू नका. काहीतरी घेऊन जा, जरा बिघडलेलं, कमी मिठाचं, आणि ते खाईपर्यंत बसा. टोमणा मिळाला, तुमच्या स्वयंपाकावर, तुमच्या आईवर, कशावरही, तर निश्चिंत खाली या.

नुसतं "चालेल" म्हणाले, तर उठू नका.